सृष्टीचा शिष्य : नंदलाल बसू

इसवी सन १९३६ चा डिसेंबर महिना होता. खानदेशातील फैजपूर या गावाबाहेर शेतजमिनीवर एक नवे नगर उभे राहत होते. काँग्रेसचे अधिवेशन तोपर्यंत मोठमोठ्या शहरांत भरत आले होते. या वर्षी ते पहिल्यानेच एका खेड्यात भरावयाचे होते. साने गुरुजींसारखे कार्यकर्ते त्याच्या प्रचारासाठी गावोगाव हिंडत होते. नगराला लोकमान्यांच्या स्मरणार्थ ‘टिळकनगर’ असे नाव दिले होते. कामाच्या गर्दीत खादीचा साधा वेष केलेले, चौपन्न वर्षांचे एक मितभाषी बंगाली गृहस्थ फिरताना दिसत. बांबूच्या मोळीपाशी ते थांबत, विणलेली चटई हातात घेऊन निरखीत, आणि पुन्हा आपल्या कामाला लागत. पाहणाऱ्याला वाटावे की हे एखादे खेड्यातील शिक्षक असतील. ते शिक्षक तर होतेच; पण त्याचबरोबर भारतातील एक अग्रगण्य चित्रकारही होते. त्यांचे नाव नंदलाल बसू.

या नगराची सजावट करण्यासाठी महात्मा गांधींनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते. सोने, चांदी, मखमल यांपैकी काहीही वापरावयाचे नव्हते. खेड्यात जे मिळेल त्यातूनच सारे घडवावयाचे होते. हे अवघड काम नंदलालबाबूंना कसे साधले, हे समजण्यासाठी त्यांच्या बालपणापासूनच आरंभ केला पाहिजे.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात, खरगपूर या गावी झाला. वडील दरभंगा संस्थानच्या सेवेत होते. गावाजवळ डोंगर होते, रान होते आणि घरात कलेची आवड होती. नंदलालांची आई मुलांसाठी हाताने बाहुल्या व खेळणी करीत असे. गावात कुंभारांची व मूर्तिकारांची घरे होती. दुर्गापूजेचे दिवस जवळ आले, की तेथे मातीचे गोळे हळूहळू देवीचे रूप घेऊ लागत. लहानगा नंदलाल ते कौतुकाने पाहत राही आणि आपणही मातीच्या मूर्ती करून बघे. पुस्तकांपेक्षा माती त्याला अधिक जवळची वाटे.

पंधराव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांची रवानगी कलकत्त्यास झाली. शाळेची परीक्षा ते कसेबसे उत्तीर्ण झाले. पण महाविद्यालयात त्यांचे मन रमेना. एकामागून एक परीक्षांत अपयश येऊ लागले. घरच्या मंडळींनी वाणिज्य शाखेत घालून पाहिले. तेथेही तोच प्रकार झाला. आपल्याला चित्रकलाच शिकावयाची आहे, हे नंदलालांनी अखेर निश्चयाने सांगितले. चित्रकार होऊन पोट भरेल, असा विश्वास त्या काळी फारच थोड्या आईबापांना वाटे. तरीही वडीलधाऱ्यांची संमती त्यांनी मिळविली आणि १९०५ च्या सुमारास आपली चित्रे घेऊन ते अवनींद्रनाथ ठाकुरांच्या दारी गेले.

अवनींद्रनाथ हे कविवर्य रवींद्रनाथांचे पुतणे. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत ते शिकवीत. परदेशी चित्रांच्या नकला करण्यात धन्यता मानू नये, आपल्या देशाची चित्रपरंपरा पुन्हा जागवावी, असा त्यांचा ध्यास होता. या तरुणाची चित्रे पाहताच त्यांनी त्याला आपला शिष्य केले. थोड्याच वर्षांत नंदलालांच्या ‘शिव-सती’ या चित्राला पाचशे रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. नंदलालांनी ती खर्च केली प्रवासासाठी. उत्तरेतील व दक्षिणेतील देवळे, लेणी, शिल्पे त्यांनी हिंडून पाहिली.

१९०९ साली ते आपल्या महाराष्ट्रात आले. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याचे काम हेरिंगहॅम नावाच्या एका इंग्रज विदुषीने हाती घेतले होते. तिच्या साह्यासाठी कलकत्त्याहून जे तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल होते. लेण्यांतील अंधूक उजेडात ते भिंतीवरील एकेक रेषा न्याहाळीत आणि कागदावर उतरवून घेत. बोधिसत्त्वाचे शांत मुख त्यांनी पाहिले, तसेच छतावरील नक्षीही पाहिली. तेथे कमळांच्या वेली वळत गेल्या आहेत, वेलींमधून हंस डोकावत आहेत, फळे लगडली आहेत, हत्ती क्रीडा करीत आहेत. राजकन्यांच्या केसांत फुले आहेत आणि गळ्यातल्या अलंकारांतही कळ्यांचे व पानांचे आकार आहेत. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या अज्ञात चित्रकारांनी आपल्या भोवतालच्या तळ्यांतून व रानांतूनच हे सारे उचलले होते. त्यांचे रंगही बहुतेक माती आणि दगड यांपासून केलेले होते. अजिंठ्याचा हा धडा नंदलालांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

गुरूंपाशी शिकत असतानाची त्यांची एक हकीकत फार बोधप्रद आहे. नंदलालांनी उमेच्या तपश्चर्येचे एक चित्र काढले होते. शंकराच्या प्राप्तीसाठी हिमालयकन्या उमा कठोर तप करीत आहे, असा तो प्रसंग. चित्रात रंग अगदी थोडे होते. अलंकार तर नव्हतेच. अवनींद्रनाथांनी चित्र पाहिले आणि ते फार कोरडे वाटते, त्यात थोडा रंग, थोडा शृंगार भरावा, असे सुचविले. शिष्य चित्र घेऊन घरी गेला. इकडे गुरूंना मात्र रात्री झोप येईना. त्यांच्या मनात विचार आला, की नंदलालने उमा पाहिली ती तपस्विनीच्या रूपात. तप करणाऱ्या कन्येने सारे साज उतरून ठेवलेले असणार. तिच्या अंगावर रंग व अलंकार शोभतील तरी कसे? आपली सूचना चुकली, आणि आता शिष्य ती पाळून एक उत्तम चित्र बिघडवून टाकील, या भयाने ते पहाट होताच घाईघाईने नंदलालांकडे गेले. नंदलाल चित्रात बदल करण्याच्या बेतातच होते. गुरूंनी त्यांचा हात थांबविला आणि आपली चूक मोकळेपणाने कबूल केली.

मुलांनो, ही गोष्ट गुरूच्या मोठेपणाची तर आहेच. पण तिच्यात कलेचेही एक मर्म आहे. चैत्रात पालवीने बहरणारी सृष्टीच शिशिरात सर्व पाने टाकून उभी राहते. दोन्ही रूपे तिला शोभतात. कोठे सजवावे आणि कोठे साज उतरवावा, हे ज्याला कळते तोच खरा कलावंत.

१९१९ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ‘कलाभवन’ ही संस्था सुरू केली. कलकत्त्यातील मानमरातब सोडून नंदलाल तेथे गेले आणि पुढे अनेक वर्षे, १९५१ साली निवृत्त होईपर्यंत, त्यांनी त्या संस्थेची धुरा वाहिली. विद्यार्थी त्यांना आदराने ‘मास्टरमोशाय’, म्हणजे मास्तरमहाशय, म्हणत.

शांतिनिकेतनचा प्रदेश म्हणजे तांबड्या मातीचा माळ. पावसाच्या पाण्याने तिच्यात घळी पडलेल्या. मधून मधून साल, ताड आणि पळस यांची झाडे. जवळून कोपाई नावाची लहानशी नदी वाहते. आसपास संथाळ लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांच्या मातीच्या भिंती स्वच्छ सारविलेल्या असतात आणि सणाच्या दिवशी त्यांच्या मुली केसांत रानफुले माळतात. परक्या माणसाला जो माळ उजाड वाटावा, तोच नंदलालांना चित्रांचे भांडार वाटला. ते नेहमी पोस्टकार्डाएवढे कोरे तुकडे जवळ बाळगीत. शेळी चरताना दिसली, मासे धरणारा कोळी दिसला, वाऱ्याने वाकलेले झाड दिसले, की दोन-चार रेषांत ते त्या तुकड्यावर टिपून घेत. अशी हजारो रेखाटने त्यांनी केली. मित्रांना व विद्यार्थ्यांना पत्र लिहावयाचे झाले, तरी बहुधा पत्रावर असे एखादे चित्र असे.

त्यांची शिकविण्याची पद्धतही निराळी होती. ते विद्यार्थ्यांना घेऊन उघड्यावर जात. एखादे झाड काढावयाचे असेल, तर प्रथम त्याच्याशी ओळख करून घ्या, असे ते सांगत. खोड जमिनीतून कसे वर येते, फांद्या कोठून फुटतात, पाने देठाला कशी जडलेली असतात, हे सारे आधी डोळ्यांनी वाचावयाचे. पुढे चित्रपटदिग्दर्शक म्हणून जगप्रसिद्ध झालेले सत्यजित राय १९४० साली कलाभवनात शिकावयास आले. झाड काढताना कुंचला वरून खाली ओढू नये, जमिनीकडून वर न्यावा, कारण झाड तसेच वाढते, ही मास्टरमोशायांची शिकवण त्यांना जन्मभर आठवत राहिली. झाडाचा नुसता आकार काढून भागत नाही, त्याची वाढण्याची धडपड रेषेत उतरली पाहिजे, हा या शिकवणीचा भावार्थ होय.

अशा रीतीने निसर्गाशी जडलेली ओळख चौकटीतल्या चित्रापुरती राहिली नाही. आपल्याकडे जशी रांगोळी, तशी बंगालमध्ये ‘अल्पना’ असते. तांदळाच्या पिठाचे पाणी करून, त्यात बोटे बुडवून, स्त्रिया व्रताच्या दिवशी जमिनीवर ती काढतात. अल्पनेत निपुण असलेल्या सुकुमारी देवींना शांतिनिकेतनात सन्मानाने स्थान मिळाले. घरगुती मानली गेलेली ही कला नंदलालांनी कलाभवनात इतर कलांच्या बरोबरीने बसविली. विद्यार्थी भोवतालची पाने, फुले, कळ्या व वेली पाहून अल्पनेचे नवनवे आकार शोधू लागले. नंदलालांच्या गौरी व यमुना या दोन्ही कन्या पुढे या कलेत नावाजल्या.

शांतिनिकेतनात प्रत्येक ऋतूचा उत्सव होई. वसंतोत्सवात मुली वासंती रंगाची वस्त्रे नेसत आणि पळसाची लाल फुले माळीत. नाटक असो वा नृत्य असो, वेषभूषेची व रंगमंचाची चिंता नंदलाल व त्यांचे सहकारी वाहत. पैसा थोडाच असे. पण फुले, पाने यांना तोटा नसे. त्यांतूनच हार, बाजूबंद आणि शिरोभूषणे तयार होत. १९२८ साली रवींद्रनाथांनी वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. त्यात पाच मुले पंचमहाभूतांची रूपे घेत, आणि लावावयाचे रोप सजविलेल्या पालखीतून गात गात आणले जाई. राजाला मिळावा असा मान तेथे एका कोवळ्या रोपाला मिळत असे.

१९२६ साली रवींद्रनाथांचे ‘नटीर पूजा’ हे नाटक रंगभूमीवर आले. बुद्धकाळातील श्रीमती नावाच्या नर्तकीची ती कथा आहे. बुद्धाच्या स्तूपाची पूजा करण्यास राजाने बंदी केलेली असते आणि श्रीमतीला त्याच स्तूपापुढे नाचण्याची आज्ञा होते. ती नाचता नाचता एकेक अलंकार उतरवून टाकते. शेवटी तिच्या अंगावर भिक्षुणीचे वस्त्र तेवढे उरते आणि तिचे नृत्य हीच पूजा ठरते. त्यासाठी तिला प्राण द्यावे लागतात. ही भूमिका नंदलालांची कन्या गौरी हिने केली. प्रतिष्ठित घराण्यातील मुलीने लोकांसमोर नृत्य करणे त्या काळच्या समाजाला रुचत नसे. तरीही पुढच्या वर्षी कलकत्त्यात नाटकाचा प्रयोग झाला, तेव्हा गौरीने तेथेही ती भूमिका केली, आणि पिता तिच्या पाठीशी उभा राहिला. उमेच्या चित्रात जे मर्म होते, तेच या वेषभूषेतही होते.

आता पुन्हा फैजपूरकडे वळू. गांधीजींनी बोलावणे पाठविले, तेव्हा नंदलाल आरंभी संकोचले होते. आपण केवळ चित्रकार, नगररचनेचे शास्त्र आपणांस येत नाही, असे त्यांनी नम्रपणे कळविले. गांधीजींना मात्र शास्त्रातील पांडित्यापेक्षा निष्ठेने काम करणारा माणूस हवा होता. हिंदुस्थानातील खेडे दरिद्री आहे. म्हणून ते कुरूप असलेच पाहिजे काय? या प्रश्नाला फैजपुरास उत्तर द्यावयाचे होते. नगर ओबडधोबड दिसले असते, तर खेड्यात अधिवेशन भरविण्याची कल्पनाच लोकांनी हसण्यावारी नेली असती.

वास्तुशिल्पी म्हात्रे आणि नंदलालबाबू यांनी हे आव्हान स्वीकारले. बांबू, गवत, चटया अशा रोजच्या वस्तूंतून प्रवेशद्वारे व मंडप उभे राहिले. कामाला हात होते ते गावच्याच कारागिरांचे. बांबूचा ताठपणा, गवताचा सोनेरी रंग, विणकामाची वीण यांचीच नक्षी झाली. वरून निराळा साज चढविण्याची गरज पडली नाही. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या मिरवणुकीसाठी बैलांनी ओढावयाचा रथही नंदलालांच्या कल्पनेतून सजला. खानदेशातील शेतकरी हे सारे पाहत होते. आपल्या शेतात, आपल्या परसात पडलेल्या वस्तू इतक्या देखण्या असतात, हे त्यांना त्या दिवशी नव्याने उमगले असेल. गांधीजींनी आपल्या भाषणात या कामाचे श्रेय उघडपणे नंदलालांना व म्हात्रे यांना दिले.

पुढचे अधिवेशन १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातमधील हरिपुरा या खेड्यात, तापीच्या काठी भरले. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. सजावटीचे काम पुन्हा नंदलालांकडेच आले. या वेळी त्यांनी बांबू व गवत यांच्या जोडीला मातीची भांडी, टोपल्या आणि भाताच्या लोंब्या वापरल्या. शिवाय हातकागदावर त्यांनी ऐंशीहून अधिक चित्रे रंगविली. विद्यार्थ्यांनी त्यांच्या आणखी प्रती केल्या. नांगरणारा शेतकरी, ढोल वाजविणारा, सुतार, कुंभार, मुलाला खेळविणारी आई, असे त्या चित्रांचे विषय होते. ही चित्रे येणाऱ्याजाणाऱ्यांना सहज दिसतील अशी लावली होती. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात चित्रांचे प्रदर्शन कधी पाहिले नव्हते, तो वाटेने जाता जाता स्वतःचेच रूप पाहून थबकला असेल.

देश स्वतंत्र झाल्यावर नंदलालांवर आणखी एक मोठी जबाबदारी आली. भारताच्या संविधानाची मूळ प्रत हाताने लिहिलेली आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ते सुंदर अक्षर लिहिले आणि पानांची सजावट नंदलालबाबूंनी आपल्या शिष्यांच्या साह्याने केली. संविधानाचे बावीस भाग होते. प्रत्येक भागाच्या आरंभी एक चित्र आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवरील बैलापासून ही चित्रमालिका सुरू होते. तीत भगवान बुद्ध आहेत, आपले शिवाजी महाराज आहेत, गांधीजींची दांडीयात्रा आहे. अखेरच्या चित्रांत हिमालयाची शिखरे, वाळवंट आणि समुद्र दिसतात. देशाच्या इतिहासाइतकेच देशाच्या भूमीलाही या ग्रंथात स्थान मिळाले. १९५४ साली भारत सरकारने नंदलालांना ‘पद्मविभूषण’ हा किताब देऊन गौरविले.

एवढा मान मिळाला तरी त्यांची राहणी पूर्वीसारखीच साधी राहिली. उतारवयातही त्यांचा कुंचला थांबला नाही. शाईच्या मोजक्या फटकाऱ्यांनी ते झाडे, डोंगर आणि पाणी रेखाटीत असत. १६ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कलाकृती राष्ट्राचा ठेवा मानल्या गेल्या असून, त्या देशाबाहेर नेण्यास १९७६ पासून बंदी आहे.

मुलांनो, तुमच्या शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की सजावटीसाठी काय विकत आणावे, याची यादी तुम्ही करू लागता. पुढच्या खेपेस यादी करण्यापूर्वी शाळेभोवती एक फेरी मारून पाहा. आंब्याचे पान, ज्वारीचे कणीस, वाळलेली शेंग, करवंदीची काटेरी डहाळी यांतील एखादी वस्तू हाती घ्या आणि ती घटकाभर नीट निरखा. तिची घडण कशी आहे, रंग कोठे गडद व कोठे फिका आहे, हे ध्यानात आले म्हणजे ती कोठे शोभेल हेही तुम्हांला आपोआप सुचेल. परीक्षांत वारंवार नापास झालेला खरगपूरचा तो मुलगा याच शाळेत शिकला आणि अखेरपर्यंत तिचा विद्यार्थी राहिला. त्या शाळेला भिंती नाहीत, फी नाही, आणि तिचे दार तुमच्यासाठीही उघडे आहे.